वजनखोलीतला जुना आकडा

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार शेवटी करीन, आधी राग. फोन करणार होते, पण फोनवर तू गोड बोलतेस, हसवतेस आणि माझा राग फुकट जातो. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या त्या स्क्रीनने माझा जीव नकोसा केलाय. बावीस वर्षं मी कागदावरची रेसिपी वाचून रंगाच्या भुकट्या मोजल्या. लॅबवाल्यांनी लिहायचं, मी मोजायचं, खाली मशीनमध्ये कापड रंगायचं. कागद भिजायचा, फाटायचा, हे कबूल. म्हणून तर मीच साहेबांच्या मागे लागले की माझी वहिनी असले प्रोग्रॅम लिहिते, तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलंय, तिला बोलवा. आता सगळे मलाच विचारतात, "ताई, वहिनी झोपली का हो?"

काल घड्याळ लावून पाहिलं. एका रंगाचं वजन बघायला बोट लावलं की अठरा सेकंद ते गोल गोल फिरत बसतं. एका रेसिपीत आठ भुकट्या. हातात रबरी मोजे, नाकावर फडकं, आणि मी त्या चक्राकडे बघत उभी. खाली पाणी साठ डिग्रीला तापून वाट बघतंय. रंगमास्तर जिन्यातून ओरडतो, आणि तो मला ओरडतो, तुला नाही.

मोठ्या तोंडाने तुझं नाव घेतलंय मी तिथे. माझं तोंड काळं करू नकोस. आता नमस्कार.

तुझी नणंद

*

९ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुमचा राग पोचला, पाकिटासकट. तुमच्या भावाने पत्र दोनदा वाचून दाखवलं, तुमच्या आवाजात. त्यांना फारच आनंद झाला.

कारण सांगते. काम अजून पुरं झालेलं नाही, तुमच्याकडे चाललीय ती चाचणी. मी इथे दर पाच मिनिटांनी काहीतरी बदलते आणि बदललेलं लगेच दिसावं म्हणून एक सोय बंद ठेवते. तिला कॅशे म्हणतात. ती बंद असली की तुमची स्क्रीन प्रत्येक वेळी ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जाऊन नव्याने विचारते, यात किती, त्यात किती. ती चालू केली की एकदा विचारलेलं उत्तर वजनखोलीतलाच कॉम्प्युटर स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच देतो. तहान लागली की दर वेळी विहिरीवर जायचं की घरात कळशी भरून ठेवायची, एवढाच फरक.

तुमच्याकडची कळशी मी आज भरून ठेवली. उद्या बघा आणि मग मला शिव्या द्या.

तुमची वहिनी

*

१६ फेब्रुवारी

वहिनी,

शिव्या परत घेते. बोट लावायच्या आत आकडा हजर. रंगमास्तर जिन्यात येऊन गप्प परत गेला, हे सुख मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. साहेबांनीही मान डोलावली. मी सगळ्यांना सांगत सुटलेय, आमची वहिनी म्हणजे काय समजलात!

घाईत आहे. दादाला सांग, माझा आवाज असा नाही.

तुझी नणंद

*

८ मार्च

वहिनी,

हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस.

मंगळवारी एक लॉट वाया गेला. राखाडी कापड हवं होतं, निघालं तांबूस. झालं असं की लाल भुकटीचा नवा ड्रम आला होता, तो जुन्यापेक्षा जोरकस. म्हणून लॅबने सकाळी नऊ दहाला लाल अठराशे ग्रॅमवरून बाराशेवर आणला. मी वजन केलं दहाला पाच कमी असताना. अठराशे. काट्याची छापील चिठ्ठी आहे, त्यावर माझी सही आहे. आणि तुझा प्रोग्रॅम ऑफिसात सांगतोय की नऊ दहापासून आकडा बाराशेच आहे.

वहिनी, माझ्या समोर अठराशे होतं. मी स्क्रीनवर वाचलं, ओठ हलवून वाचलं, मी नेहमी तसंच वाचते. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, वय झालं की होतं असं." सगळ्या खात्यासमोर म्हणाले. माझं वय पंचेचाळीस. कापड मशीनमधून निघताना मीच पहिल्यांदा ओरडले होते की हा लाल मारतोय, इतरांना ते माझ्यानंतर दिसलं. ज्या डोळ्यांना ते दिसलं त्यांना आकडा दिसला नाही म्हणे.

डोळे तपासायला पाठवलंय. तोवर मी घडीखात्यात, रंगलेल्या कापडाच्या घड्या घालतेय. वजनखोलीत पॅकिंगमधला एक धिप्पाड गडी बसवलाय, सगळे त्याला पैलवान म्हणतात.

तू तुझ्या प्रोग्रॅममध्ये नीट बघ. स्क्रीन चुकू शकते का, एवढंच सांग.

नणंद

*

१३ मार्च

ती. वन्सं,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. सगळं काम बाजूला ठेवून तपासलं. माझ्या लॅपटॉपवर अगदी तसाच प्रकार करून पाहिला. अठराशेचा आकडा बाराशे केला आणि स्क्रीन उघडली. चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा बाराशेच दिसलं, एका सेकंदात. साहेबांनी विचारलं होतं, त्यांनाही हेच कळवावं लागलं.

वन्सं, रागावू नका. इंग्रजी आठ आणि दोन लांबून सारखेच दिसतात. त्यात तुमच्या नाकावर फडकं, भुकटी उडालेली. मलाच मागच्या वर्षी चष्मा लागला, त्यात कमीपणा कसला? डॉक्टर जे म्हणतील ते ऐका. चष्मा लावून परत जा, साहेब घेतील.

तुमची वहिनी

*

१७ मार्च

वहिनी,

साहेबांना कळवावं लागलं? कोणी लावलं?

डॉक्टरने जवळचा नंबर काढला, पाऊण. माझ्या वयात अख्ख्या गल्लीला पाऊण नंबर आहे. पण साहेबांच्या हातात आता दोन कागद आहेत, एक डॉक्टरचा आणि एक तुझा. त्यांनी मला कायमचं घडीखात्यात टाकलं. "यांच्या घरच्याच इंजिनीअर आहेत, त्याच म्हणतात मशीन बरोबर आहे," असं म्हणाले. यावर मी काय बोलायचं होतं, तू सांग.

तुला कळतंय का काय गेलं माझं? कारखान्यात कुठल्याही कापडाच्या रंगावरून वाद झाला की लोक मला बोलवायचे. खिडकीशी नेऊन तुकडा धरायचा आणि विचारायचे, ताई, काय म्हणता? मी म्हटलं जुळत नाही, की साहेबसुद्धा माघार घ्यायचे. आता बाया विचारतात, "ताई, सुई ओवून देऊ का?"

आणि तू मला आठ आणि दोन शिकवतेस! बावीस वर्षं मी हेच आकडे वाचून पोट भरलंय. चाळीस वेळा कुठे बघितलंस? तुझ्या टेबलावर. मी तुझ्या टेबलावर काम करत नाही. माझ्या टेबलावर येऊन बघ आणि मग मला चष्मे लाव.

दादाला फोन करायला लावू नकोस. मी उचलणार नाही.

*

३ एप्रिल

ती. वन्सं,

बरेच दिवस लिहायचं राहून गेलं. तुम्ही फोन घेत नाही म्हणून तुमचे भाऊ घरात कोणाशी बोलत नाहीत. सासूबाई दर सकाळी विचारतात, तुमचं पत्र आलं का.

घडीखात्यात उभं राहून पाय दुखतात का? इथे एक चांगली पट्टी मिळते, पाठवून देते. साहेबांशी बोलणं होतं अधूनमधून. कारखान्यात आता सगळं ठीक चाललंय असं म्हणत होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काही गोष्टी वेळ गेला की आपोआप निवळतात.

तुमची वहिनी

*

२० एप्रिल

वहिनी,

पट्टी परत पाठवतेय. सोबत एक प्रश्न पाठवतेय, त्याचं उत्तर दे.

"कारखान्यात सगळं ठीक चाललंय" हे मला रोज ऐकवतात. पैलवान बसल्यापासून एकही लॉट बिघडला नाही. म्हणजे चूक माझीच, आता तर सिद्धच झालं. मीसुद्धा हळूहळू मान खाली घालून घड्या घालायला लागले होते.

काल पैलवान डबा खायला माझ्याजवळ बसला. म्हणाला, "ताई, तुम्ही सुटलात. ती स्क्रीन आता डोक्यात जाते. सुरुवातीला आठवडाभर कशी पळत होती. आता बोट लावलं की वीस मोजावे लागतात. रंगमास्तर जिन्यातून बोंबलतो."

मी विचारलं, कधीपासून? त्याने वहीत नोंद केली होती, तोही माझ्यासारखाच, गप्प बसणारा नाही. म्हणाला, अठरा मार्चच्या दुपारपासून.

मी सतराला तुला पत्र टाकलं. ते तुला अठराला मिळालं असणार. मला कॉम्प्युटर कळत नाही, पण तूच मला विहीर आणि कळशी शिकवलीस ना? आता ती स्क्रीन पुन्हा विहिरीवर जाते आहे. तू कळशी का उचललीस, वहिनी? आणि भरली होतीस तेव्हा तिच्यात पाणी कधीचं होतं?

मला दोनच ओळी लिही. पण खरं लिही.

*

२४ एप्रिल

वन्सं,

दोन ओळींत होणार नाही.

तुमच्या समोर अठराशेच होतं. तुम्ही बरोबर वाचलंत.

फेब्रुवारीत तुमच्या रागाच्या पत्रानंतर मी तुमच्याकडचा कॅशे चालू केला आणि त्याला सहा तास दिले. म्हणजे एकदा रेसिपी उघडली की सहा तास तोच कागद दाखवायचा, मग मधे लॅबने काहीही बदललं तरी. नीट करायचं तर असं करायला हवं होतं की लॅबने आकडा बदलला की जवळ ठेवलेला जुना कागद त्याच क्षणी फेकला जाईल. ते दोन दिवसांचं काम होतं. मी म्हटलं, आधी वेग तर दाखवू, ते मागाहून करू. मग सगळे खूश झाले आणि मी विसरले. त्या मंगळवारी तुम्ही आठ वाजता ती रेसिपी एकदा उघडली होती. त्यामुळे दहाला स्क्रीनने आठ वाजताचा आकडा दाखवला.

आणि माझ्या लॅपटॉपवर मी चाळीस वेळा पाहिलं ते खोटं नाही. पण माझ्या लॅपटॉपवर कॅशे कायम बंद असतो. माझ्या टेबलावर ही चूक दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे मला सुचलं नाही. सतराचं तुमचं पत्र वाचलं तेव्हा सुचलं. इथून वजनखोलीचा कॉम्प्युटर उघडला, एक आकडा बदलून पाहिला. जुनाच दिसत राहिला. आणखी दोनदा बदलून पाहिला, तरी जुनाच.

मग मी कॅशे बंद केला आणि गप्प बसले.

दहा मेला साहेब कामाला शेवटची मंजुरी देणार आहेत. माझं हे पहिलं स्वतंत्र काम आहे. हे उभं राहिलं नाही तर दुसरं मिळणार नाही, मला पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली जावं लागेल. मी ठरवलं होतं की मंजुरी झाली की लगेच सगळं सांगायचं. तुमच्या भावालाही अजून सांगितलेलं नाही. वन्सं, एवढे सोळा दिवस थांबाल? पाया पडते.

वहिनी

*

२७ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि ओरडले. पोरं घाबरली.

विसरलीस, ते समजू शकते. मीही कधी एखादा डबा उघडा विसरले असेन. पण अठरा मार्चला तुला कळलं! तू बघितलंस, तीन-तीनदा बदलून पाहिलंस, आणि मग त्याच हातांनी बटण दाबून माझा पुरावा पुसून टाकलास. तू बंद केलंस म्हणून पैलवानाचे लॉट बिघडले नाहीत आणि ते बिघडले नाहीत म्हणून मी चोर ठरले. केसाने गळा कापलास. वर मला पाय दुखतात का विचारलंस!

सोळा दिवस मागतेस. तुला तुझं नाव हवंय ना? मग माझं नाव काय रस्त्यावर पडलं होतं? तुझ्यासाठी तेच मी तिथे गहाण ठेवलं होतं.

तुझं पत्र माझ्या कपाटात आहे. साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटता येईल. मी ते करणार नाही. घरच्या बाईने घरच्या बाईला वाचवायला लिहून दिलं, असंच म्हणतील, आणि बोलतील ते मलाच. तू ये. माझ्या खोलीत, माझ्या स्क्रीनसमोर, सगळ्या खात्यादेखत उभी राहा आणि त्यांना दाखव. ज्यांच्यासमोर मला म्हातारी म्हटलं, त्यांच्यासमोर. मंजुरीच्या आधी.

नाही आलीस तरी मी कोणाला काही सांगणार नाही. फक्त मला मग भाऊ नाही आणि वहिनी नाही.

*

५ मे

ती. वन्सं,

तुम्ही काल मला पाहिलंत आणि घडीखात्याच्या दारातून आत गेलात. बोलायला थांबला नाहीत, ते योग्यच केलंत. पण वजनखोलीत काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते.

मी साहेब, रंगमास्तर, लॅबच्या दोघी आणि पैलवान यांना वजनखोलीत बोलावलं. कॅशे पुन्हा सहा तासांवर केला. पैलवानाला रेसिपी उघडायला लावली, लाल अठराशे. लॅबच्या बाईंना वर पाठवून आकडा बाराशे करायला लावला. त्यांनी वरून सांगितलं, केला. मी पैलवानाला म्हटलं, आता वाचा. तो म्हणाला, "अठराशे." साहेबांनी स्वतः पुढे येऊन वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अठराशेच होतं.

 रंगमास्तर म्हणाला, "म्हणजे ताई खरं बोलत होत्या." मग मी पुढचंही सांगितलं, की हे मला अठरा मार्चपासून माहीत होतं. साहेबांनी एवढंच विचारलं, "सात आठवडे?" मी हो म्हटलं.

मंजुरी मिळणार नाही. काम दुसऱ्यांना देणार आहेत. नव्या माणसांना समजावं म्हणून मी सगळं लिहून दिलंय, लॅबने बदल केला की जुना कागद फेकायची ती सोयही लिहून दिली. ती मी येण्याआधीच करून ठेवली होती, दोनच दिवस लागले. तुमच्या भावाला सांगितलं. ते अजून गच्चीत बसून आहेत.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

वहिनी

*

१९ मे

वहिनी,

साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की ताईंची चूक नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं, तेवढं तरी केलं. सोमवारपासून मी वजनखोलीत आहे. पैलवान पॅकिंगला गेला, जाताना खूश होता.

तू आलीस, ते मी मानते. तुझं काम गेलं, त्याचा मला आनंद झाला नाही. होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही. एवढंच चांगलं लिहिता येतंय.

आता सोमवारचं ऐक. पहिलीच रेसिपी, निळा चौदाशे. मी वाचलं, चौदाशे. ओठ हलवून पुन्हा वाचलं. हात डब्यात जाईना. लॅबमधल्या पोरीला हाक मारली, म्हटलं, जरा वाच गं. ती म्हणाली, "चौदाशे, ताई." मी वजन केलं, चिठ्ठी छापली, आणि चिठ्ठी घेऊन पुन्हा स्क्रीनपाशी गेले. आठ भुकट्यांना मी त्या पोरीला आठ वेळा बोलावलं. दुपारी दोन जण कापडाचे तुकडे घेऊन खिडकीशी आले. ताई, जुळतंय का? मला जुळत नाही असं दिसत होतं. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.

त्या सात आठवड्यांत सगळे म्हणत होते, तूही म्हणत होतीस, आणि कधीतरी मीही मानलं होतं की माझे डोळे गेले. ते तू कुठल्या बटणाने बंद करणार आहेस?

आई फोनवर रडते, म्हणते, माफ कर तिला, घरचीच आहे. मी आईला म्हटलं, करीन. पण आधी मला एक आकडा एकदाच वाचून पुढे जाता आलं पाहिजे. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी मीच फोन करीन. तोवर तू करू नकोस.

नणंद